कुडाळ ते न्यू जर्सी: किलोमीटर सोडा, तास मोजा

प्रश्न थोडक्यात असा. आई-वडील कुडाळला, वय ७१ आणि ६६, बहीण न्यू जर्सीत, गणपती झाले की दोघांना पहिल्यांदाच तिकडे पाठवायचंय. नेटवर मुंबई ते न्यूअर्क (न्यूयॉर्कला लागून असलेलं न्यू जर्सीतलं विमानतळ) अंतर साडेबारा हजार किमी दाखवतं, विमानाचा वेग ९०० धरला तर १४ तासांत पोचायला हवं. पण एका तिकिटावर १६ तास, दुसऱ्यावर २३ तास, आणि तिसरीकडे रात्री दीडला सुटून त्याच दिवशी सकाळी आठला पोचतं असं लिहिलंय, म्हणजे साडेसहाच तास! यातलं खरं काय आणि म्हाताऱ्यांना घरातून नेमकं कधी काढू?

मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होतो. म्हणजे विमान पायलट उडवतो, पण ते कुठल्या वाटेने न्यायचं, किती इंधन भरायचं, वारा कुठे आडवा येणार, याचा कागद जमिनीवर बसून जो माणूस बनवतो तो मी. आता वेंगुर्ल्याकडे गावी असतो आणि अर्धा तालुका आपली तिकिटं माझ्याकडे वाचून घ्यायला आणतो, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी येतो, कधी दुबईचा, कधी कुवेतचा, कधी कॅनडाचा. सांगतो.

पहिलं म्हणजे तुम्ही बघितलेली तिन्ही तिकिटं खरी आहेत, खोटं कुणी बोलत नाहीये. तुमचा प्रश्न वरवर अंतराचा वाटतो पण तो अंतराचा नाहीच. आकाशातले तास जवळपास ठरलेले असतात, त्यात तासभर इकडे-तिकडे. हलतात ते जमिनीवरचे तास, आणि कोकणातल्या माणसाच्या प्रवासात जमिनीवरचे तास आकाशातल्यापेक्षा जास्त असतात. पण आधी आकाशातला हिशोब करू, कारण तो डोक्यात बसला की पुढचं सोपं जातं.

साडेबारा हजार हा आकडा बरोबर आहे, पण तो नकाशावरच्या सरळ रेषेचा नाही. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कला पट्टी लावलीत तर ती अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग, अटलांटिक अशी जाते, आणि ती वाट प्रत्यक्षात बरीच लांबची आहे. आमच्याकडे गणपतीत माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, पपनस बांधतात ना, त्यातलं एक घ्या. त्यावर पेनाने मुंबईचा आणि न्यूयॉर्कचा ठिपका काढा, न्यूयॉर्क बरंच वर आणि जवळपास पलीकडच्या अंगाला येईल, आणि गजऱ्याचा दोरा दोन ठिपक्यांमध्ये ताणून धरा. दोरा आपोआप वर देठाकडे सरकतो. माझ्या नातवाला हे दाखवलं तेव्हा त्याने तीन वेळा दोरा खाली ओढून बघितला, तीनदा तो वर गेला. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. खऱ्या पृथ्वीवर तो दोरा मुंबईतून निघून बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या आसपास, मग नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि कॅनडाचा लॅब्राडोर किनारा करत न्यूयॉर्कला उतरतो. म्हणजे अमेरिकेला जायचं तर उत्तर ध्रुवाच्या बाजूला चढून खाली उतरायचं. सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान वाकडं चाललेलं दिसलं की लोक घाबरतात, ते वाकडं नसतं, नकाशा सपाट असतो.

आता हा दोरा कागदावरचा. प्रत्यक्ष तसं जाता येतंच असं नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली, त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकन, युरोपियन, ब्रिटिश आणि कॅनेडियन कंपन्यांना बंद. म्हणजे त्याच दोन गावांमध्ये दोन वेगळ्या देशांच्या कंपन्यांचे रस्ते वेगळे. दिल्लीवरून पश्चिमेला निघणाऱ्या भारतीय विमानांना पाकिस्तानबंदी फार लागते, मुंबईवाल्यांचं त्यामानाने बरं, समुद्रावरूनच बाजूने निघता येतं. त्यामुळे "अमुक विमानाला किती वेळ लागतो" याचं मागच्या वर्षीचं उत्तर या वर्षी खरं असेलच असं नाही, तिकीट काढायच्या दिवशी जे लिहिलंय तेच धरायचं.

मग वारा. ९०० चा वेग हा विमानाचा हवेतला वेग, जमिनीवरचा नाही. खाडीत भरतीचं पाणी आत येताना होडी बाहेर काढून बघा, हात तेवढेच मारले तरी काठावरचे माड हळू सरकतात. वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वाऱ्याचा पट्टा वाहतो, ताशी दीडशे-दोनशे किमी नेहमीचं, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर जातो. म्हणून मुंबई-लंडन जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना तासभर कमी. बरं, जाताना गमावलं ते येताना परत मिळतं का, तर पूर्ण नाही. ९००० किमीचं अंतर, वेग ९००, तर वारा नसताना जाऊन-येऊन २० तास. आता १०० चा वारा धरा: जाताना ८०० ने सव्वा अकरा तास, येताना १००० ने नऊ तास, बेरीज सव्वावीस. पाव तास गेलाच. कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता आणि सुलट्यात कमी. नोकरीत मला सगळ्यात आवडायची गोष्ट हीच होती, रात्री दोन वाजता तीन-चार वाटा शेजारी शेजारी काढायच्या आणि बऱ्याचदा असं निघायचं की तीनशे किमी लांबची वाट वीस मिनिटं लवकर पोचवते, कारण ती वाऱ्याला बगल देऊन जाते. त्यामुळे आज गेलेलं विमान आणि उद्याचं विमान एकाच रस्त्याने जाईल असंही नाही.

तिकिटावरची वेळ ही गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, रात्री रांगेत वीस-पंचवीस मिनिटं आरामात जातात. वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. वर कंपन्या थोडा फुगवटा ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी "वेळेवर" म्हणता येतं. घरच्या घरी अंदाज काढायचा असेल तर माझा ठोकताळा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. दुबई १९३० किमी, तीन तास. लंडन ७२००, सव्वानऊ तास. न्यूअर्क साडेबारा हजार, साडेपंधरा तास, त्यात अमेरिकेला जाताना वाऱ्याचा आणि वळशाचा अर्धा-पाऊण तास टाका, झाले तुमचे सोळा. फक्त साइटवर किमी आहे की मैल ते बघून घ्या. साधे मैल ७८०० च्या आसपास येतील आणि विमानवाल्यांचे सागरी मैल ६८०० च्या आसपास, तिन्ही एकच अंतर आहे. मागे एका मुलाने सागरी मैलांना ९०० ने भागलं आणि मला विचारलं की काका, साडेसात तासांत जातं ना.

आता साडेसहा तासांचं कोडं. रात्री दीडला सुटलं, सोळा तास उडालं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. सप्टेंबरात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून तिथे सकाळचे आठ. येताना उलटं दिसेल. तिथून सकाळी साडेअकराला सुटलं तर दुसऱ्या दिवशी आपल्याकडे सकाळी साडेअकराला उतरतं, लोकांना वाटतं चोवीस तास लागले, खरं साडेचौदा. यातून टाइमझोन न शिकता सुटायची एक युक्ती सांगतो: जाण्याचे घड्याळी तास आणि येण्याचे घड्याळी तास यांची बेरीज करा, साडेसहा अधिक चोवीस म्हणजे साडेतीस, आणि सोळा अधिक साडेचौदा म्हणजेही साडेतीसच. एकीकडे कमी दिसलेलं दुसरीकडे जास्त दिसतं, फरक आपोआप उडून जातो. एक अट आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासाने मागे करतात, मग फरक साडेदहा तासांचा होतो. आई-बाबा त्यानंतर परत येणार असतील तर बेरजेत एक तास चुकेल, आणि बहिणीला फोन करायच्या वेळाही तेव्हापासून बदलतील.

मग २३ तासांचं तिकीट कशाने झालं? वळशाने नाही, हे लक्षात घ्या. मुंबई-दुबई १९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०२०, बेरीज बारा हजार नऊशे पन्नास. म्हणजे थेट वाटेपेक्षा चारशे-सव्वाचारशे किमी जास्त, विमानाच्या भाषेत अर्धा तास. लंडनवरून गेलात तर ७२०० आणि ५५५०, जास्तीचे जेमतेम दोनशे! अंतर नगण्य वाढतं. वाढतो तो मधल्या विमानतळावर बाकड्यावर बसायचा वेळ. त्यामुळे स्टॉपवालं तिकीट बघताना "कुठून जातं" यापेक्षा "मध्ये किती तास आहेत" हे बघा. दीड तास असेल तर वयस्कर माणसांसाठी घेऊ नका, तीन ते पाच तास चांगले, नऊ तास म्हणजे शिक्षा. अबुधाबीवरून जाणार असाल तर एक वेगळी गंमत आहे, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतात, म्हणून तिथे जरा जास्तच वेळ हाताशी हवा, पण मग अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत विमानातून आल्यासारखं थेट बाहेर. ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे प्रत्येक देशाचं वेगळं बघावं लागतं, ते तिकिटाआधी.

आता जमिनीवर या. कुडाळ ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत साडेतीनशे किमी, विमानाला हे अंतर म्हणजे पंचवीस मिनिटांची गोष्ट. रस्त्याने पाचशेच्या आत-बाहेर, आणि हायवे ६६ वर किती तास लागतील हे मी बावीस वर्षं वाऱ्याचे अंदाज वाचूनही सांगू शकत नाही. गणपतीनंतर तर विसर्जन झालं की चाकरमान्यांच्या गाड्या एकदम परतीला लागतात, तेव्हा रस्ताही तुंबतो आणि रेल्वेचं रिझर्वेशनही मिळत नाही. शिवाय कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं, पण सप्टेंबर त्यात येतोच, गाड्या मुद्दाम हळू धावतात.

समजा दोघं सोमवारी रात्री आठला घरातून निघून कोकणकन्येने मंगळवारी सकाळी मुंबईत पोचली, दिवसभर नातेवाइकांकडे पडली, रात्री साडेनऊला विमानतळावर, दीडला विमान, बुधवारी सकाळी आठला न्यूअर्क, इमिग्रेशन-सामान-गाडी करून दहाला बहिणीच्या घरी. आपल्या घड्याळात तेव्हा बुधवार संध्याकाळचे साडेसात. एकूण साडेसत्तेचाळीस तास, त्यातले विमानात सोळा.

दुसरा पर्याय मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातलं नवं विमानतळ. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटतात आणि कुडाळहून तासा-सव्वा तासाचा रस्ता. मंगळवारी दुपारी तीनला निघालात, संध्याकाळच्या विमानाने दिल्ली, रात्री दोनच्या सुमाराला तिथून थेट अमेरिका असं जर जमलं तर घरापासून घरापर्यंत तीसच्या आत तास होतात. किलोमीटर जास्त, तास कमी! म्हणून म्हणतो अंतर विचारू नका. चिपीचं, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाचं, उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं, मला आपल्या जिल्ह्याचं म्हणून कौतुक आहे, पण फेऱ्या कधी चालू कधी बंद, परदेशाचं तिकीट त्याला जोडू नका.

मोपावाल्या पर्यायात माझी एकच अट: मोपा-दिल्ली आणि दिल्ली-अमेरिका एकाच पीएनआरवर पाहिजे. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात, पण मग पहिलं विमान पावसाने दोन तास थांबलं आणि दुसरं चुकलं तर पुढच्या कंपनीला त्याचं काही नसतं, नवीन तिकीट तुमच्या खिशातून. एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची, आणि सामानाला मोपालाच शेवटपर्यंतचा टॅग लागतो. दोन विमानांमधला वेळ चार तासांच्या खाली नको. हे जमत नसेल तर सरळ मुंबईहून थेट विमान घ्या आणि आदल्या दिवशी मुंबईत पोचा. साडेसत्तेचाळीस तास म्हणजे फार वाटतं, पण त्यातली एक अख्खी दुपार पाय लांब करून झोपायची आहे. वडिलांच्या गुडघ्याचं काय आहे, मुंबईत हक्काचं घर आहे का, यावर ठरवा. मला विचाराल तर ७१ व्या वर्षी पहिल्याच परदेशप्रवासाला मी मध्ये विमान बदलणं टाळेन.

मुंबई म्हटलं की आता विमानतळाचा तीन अक्षरी कोडही बघा. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरी-सहारचं जुनं, एनएमआय असेल तर पनवेलजवळचं. कोकणातून येणाऱ्याला पनवेल खरं तर सोयीचं, पण चुकून दुसऱ्या टोकाला गेलात तर रात्रीच्या ट्रॅफिकमध्येही दीड तास गेला.

आणि सगळ्यात मोठी चूक तारखेची. आपल्याकडची परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. बुधवारी १:३० म्हणजे मंगळवारी रात्री घरातून निघायचं. वाचायला सोपं वाटतं. माझी आत्या दुबईला मुलाकडे जाणार होती, विमान १२ तारखेला ००:४०. मी आयुष्यभर ग्रीनिचच्या वेळेत काम केलेला माणूस, तिकीट मी स्वतः काढलं, घरात सगळ्यांना सांगितलं बारा तारखेला रात्री. बारा तारखेला रात्री साडेनऊला आम्ही गेटवर. जवानाने कागद बघितला, मला बघितलं, परत कागद बघितला आणि म्हणाला, "साहब, ये तो कल रात को गया." विमान जाऊन एकवीस तास झाले होते. आत्या ट्रॉलीवर कुळथाच्या पिठाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, ती शांतपणे म्हणाली, "इमानात नोकरी करतंस आणि इमान कधी जाता ता तुका म्हायत नाय?" नवीन तिकिटाचे पैसे मीच भरले. तेव्हापासून मी कुणालाही तारीख सांगत नाही, वार आणि घरातून निघायची वेळ कागदावर लिहून देतो: "मंगळवार, संध्याकाळी ६, जेवून निघणे."

तुम्हीही आई-वडिलांना तसाच एक कागद करून द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यावर बहिणीचा पत्ता आणि फोन मात्र इंग्रजीत, कारण तो तिथला अधिकारी वाचणार. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा, चालता येत असलं तरी. ती लाज वाटायची गोष्ट नाही, व्हीलचेअरवाला मुलगा त्यांना चेक-इनपासून गेटपर्यंत वाट दाखवत नेतो, न्यूअर्कलाही इमिग्रेशनच्या रांगेतून नेतो, भाषेची अर्धी काळजी तिथेच मिटते. सोळा तासांत दर दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत, म्हणजे जेवण ठेवतात त्या जागेपर्यंत, फेरी मारायला सांगा, पाय सुजतात.

सामानाचं शेवटचं. ताजी फळं, भाजी, रोपं न्यायची नाहीत, अमेरिकेत कस्टमला थांबवतात आणि दंडही होतो. कोकम, मसाला, पापड चालतात पण फॉर्ममध्ये किंवा तोंडी विचारलं तर "खायचे पदार्थ आहेत" असं सांगून टाकायचं, लपवायचं नाही. आणि आईला मुद्दाम सांगा, सुकं खोबरं चेक-इन बॅगेत घालायचं नाही, त्याला तेल असतं, पेटू शकतं, म्हणून मनाई आहे. बॅग उघडायला लावतात, वर बोलावतात, सगळा बांधाबांधीचा खेळ परत होतो. खोबरं बहिणीला तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं, घरच्यासारखं नसेल, पण मिळतं.